हरलेल्या डावांची फाईल

संक्रांतीच्या सकाळी घरात गुळपोळीच्या सारणाचा खमंग वास सुटलेला असताना ऑफिसात जाऊन बसायची शलाका मगदूमला काही हौस नव्हती. पण ‘सांभाळ’च्या नव्या आवृत्तीसाठी सध्याच्या इंजिनाचा वेळेचा तक्ता दुसऱ्या दिवशी कंपनीला द्यायचा होता, आणि ते काम तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं नव्हतं. लेकीला, जुईला, शाळेच्या फाटकाशी सोडताना तिनं सवयीनं तिच्या कमरेचं यंत्र चाचपलं. जुई म्हणाली, “आहे गं आई, कुठं पळून जातंय व्हय!” आणि गुलाबी परकर सावरत मैत्रिणींत मिसळून गेली.

सांगलीतल्या त्या दोन मजली इमारतीत काय चालतं, हे रस्त्यावरच्या माणसाला सांगितलं तर तो हसला असता. तिथं यंत्रांना बुद्धिबळ खेळायला लावत. तेही सबंध डाव नाही. पटावरचे वजीर, हत्ती, उंट, घोडे सगळे मारले गेलेत, दोन राजे आणि चार-दोन प्यादी एवढंच उरलंय, असा अगदी शेवटचा भाग.

त्याला कारण होतं. पुढचा विचार करून स्वतः निर्णय घेणारी यंत्रं आता घरोघरी आली होती, आणि अशा यंत्राचा निर्णय बरोबर की चूक हे ठरवायचं कसं, हा मोठाच पेच होता. दोन डॉक्टरांना विचारलं तर तीन मतं पडतात. पण पटावर मोजकेच मोहरे उरले, की तिथं मताला जागाच नसते. तसल्या प्रत्येक स्थितीचं उत्तर संगणकांनी शेवटापर्यंत मोजून कोषात नोंदवून ठेवलेलं आहे. पांढरा जिंकतो, काळा जिंकतो किंवा बरोबरी. ते उत्तर बदलत नाही, कुणाची भीड धरत नाही. त्यातही राजा-प्याद्यांचे डाव परीक्षेला फार सोयीचे, कारण प्यादं मागं येत नाही. राजा इकडून तिकडं फिरून पुन्हा जागेवर बसू शकतो, पण प्यादं एकदा सरकवलं की सरकवलं. आयुष्यातले अवघड निर्णय असेच असतात, म्हणून कायद्यानं हीच परीक्षा नेमून दिली होती.

‘सांभाळ’ हे तसलंच यंत्र होतं. ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन बनत नाही, त्यांच्या कमरेला लावायचं. दंडावरची चकती दर पाच मिनिटांनी रक्तातली साखर मोजते, आतलं इंजिन पुढच्या तीन तासांचा अंदाज बांधतं आणि थेंब थेंब इन्सुलिन सोडतं. मुलानं काय खाल्लं हे कुणाला सांगावं लागत नाही, हाच त्याचा मोठेपणा. इन्सुलिनही प्याद्यासारखंच. एकदा शरीरात गेलं की परत काढून घेता येत नाही.

त्या इंजिनाला शलाकानंच पास केलं होतं. चाळीस हजार स्थिती, एकही चूक नाही. प्रमाणपत्रावर दोन सह्या होत्या, परीक्षक म्हणून तिची आणि प्रमुख म्हणून चौगुले सरांची. सही केली त्याच आठवड्यात तिनं ते जुईच्या कमरेला बांधलं. चार वर्षांची असताना जुईला हा आजार जडला. दिवसातून आठ-आठ वेळा बोटं टोचायची, आणि एकदा तर भर लग्नमंडपात पोरीला झटका आला. ते सगळं या यंत्रानं पुसून टाकलं होतं. गेले आठ महिने जुई इतर पोरींसारखी पोर झाली होती.

वेळेच्या तक्त्यासाठी, म्हणजे इंजिन दर चालीला किती वेळ घेतं त्याच्या नोंदीसाठी, या खेपेला कंपनीला सगळ्याच स्थिती हव्या होत्या, हरलेल्यासुद्धा. एरवी हरलेल्या स्थितींची फाईल कुणी उघडत नसे. परीक्षेचा नियमच तसा होता. जिंकलेला डाव बरोबरीत घालवला तर चूक, बरोबरीचा हरला तर चूक. पण जो डाव मुळातच हरलेला आहे, तिथं कुठलीही चाल केली तरी शेवट तोच. मग तपासायचं काय? सगळ्या चालींना सारखेच गुण, म्हणून त्या स्थिती परीक्षेतूनच वगळलेल्या.

शलाकानं फाईल चालू केली आणि चहाचा कप हातात घेतला. पडद्यावर सेकंदांचे आकडे सरकत होते. सहज म्हणून तिनं एक डाव उघडून बघितला.

इंजिनाकडे राजा आणि तीन प्यादी. समोरच्याचं एक प्यादं वजीर व्हायला निघालेलं, त्याला आता कुणी गाठू शकत नाही. डाव हरलेलाच. पण माणूस अशा वेळी काय करतो? राजा जवळ आणतो, प्यादी राखतो, समोरचा कुठं चुकतो का बघत चिवटपणानं बसतो. इंजिनानं तसलं काहीच केलं नाही. त्यानं एक प्यादं पुढं लोटलं. ते वजीर होईल या धाकानं समोरच्याला थांबून ते मारावं लागलं. मग दुसरं लोटलं. मग तिसरं. दर खेपेला दोन चाली पदरात पडल्या, आणि शेवटी राजा उघडा पडून अठराव्या चालीपर्यंत तगला. एकोणिसाव्या चालीला सगळंच संपलं.

आणि अगदी शेवटाशी येईपर्यंत इंजिनाच्या खिडकीत हिरवी अक्षरं होती, ‘स्थिती सुरक्षित’.

तिनं दुसरा डाव उघडला. तिथंही शेवट एकोणिसाव्या चालीला. तिसऱ्यातही तेच. कप तसाच खाली ठेवून तिनं बत्तीस डाव बघितले. या इंजिनाची नजर अठरा चालींची आहे हे तिला ठाऊक होतं, तिनंच ती परीक्षेसाठी नेमली होती. तिनं ती चोवीस केली. आता सगळे डाव पंचविसाव्या चालीला कोसळायला लागले.

हे यंत्र डाव वाचवत नव्हतं. हार टळत नाही असं दिसलं, की जवळ असेल नसेल ते उधळून ते हार आपल्या नजरेच्या कुंपणापलीकडं ढकलत होतं. कुंपणाच्या आत सारं हिरवं. पलीकडं काय होतं, हे त्याच्या लेखी नव्हतंच.

चौगुले सर केबिनमध्ये हलव्याचा डबा उघडून बसले होते. सत्तरीचे गृहस्थ, तरुणपणी राज्याचे विजेते, आता या परीक्षणशाळेचे सर्वेसर्वा. शलाकाला पट मांडायला शिकवलं तेही त्यांनीच.

“ये. आधी तिळगूळ घे, मग तोंड उघड.”

“सर, हरलेल्या डावांत ते काय करतंय, एकदा बघा.”

“हरलेल्या डावात काय बघायचंय गं? मढ्याला पावडर लावायची का?”

तिनं लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला. सरांनी चार डाव बघितले, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“वेळकाढूपणा करतंय. माणसंही करतात. गेल्या वर्षी मिरजेच्या स्पर्धेत तो देशिंगकर हरलेल्या डावात तासभर नाक धरून बसला होता, विसरलीस?”

“पटावर हार ती हारच, सर. थोडी हार, जास्त हार असं नसतं. पण शरीरात असतं ना? साखर अडीचशेला गेली तर यंत्राच्या हिशेबात हार. पण त्यानं मूल मरत नाही, पाणी पाणी करतं, चिडचिडं होतं. ती हार टाळायला यानं अंगाला पेलणार नाही इतकं इन्सुलिन ओतलं तर? तीन तास सगळं हिरवं दिसेल. आणि चौथ्या तासाला साखर वीसवर येईल.”

“दिसायला लागल्यावर थांबेल की ते.”

“थांबेल. पण ओतलेलं परत कसं घेणार? प्यादं मागं येतं का?”

ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

“सर, सही मागं घेऊ या. आजच, आत्ताच.”

तशी तरतूद होती. परीक्षक आणि प्रमुख या दोघांनी अंगठा दिला की प्रमाणपत्र रद्द होई, आणि मिनिटभरात राज्यातली सगळी ‘सांभाळ’ यंत्रं साध्या पद्धतीवर येत. म्हणजे इंजिन बंद, नेमून दिलेला बारीकसा डोस चालू, आणि घरच्यांना कळावं म्हणून मोठा भोंगा.

“अकरा हजार पोरं आहेत, शलाका. अकरा हजार घरांत एकदम भोंगा वाजेल. घाबरून कुणी यंत्रच उपटून टाकलं, पुढं चार दिवस पोराला इन्सुलिनच दिलं नाही, तर ते कुणाच्या माथी? तुझ्या हातात आहे काय? बत्तीस डाव! आज सण आहे. सोमवारी बसू, डॉक्टरांना बोलावू.”

“सण आहे म्हणूनच म्हणते. रोज पोरं डब्यातली पोळी-भाजी खातात, साखर हळूहळू चढते, यंत्राला पेलते. आज नुसता गूळ आणि साखर. सकाळी शाळेत आणि संध्याकाळी दारोदार. किती खाल्लं याचा कुणी हिशेब ठेवणार नाही, कारण आपणच सांगितलंय की ठेवायची गरज नाही.”

“तो नियम मी लिहिलाय,” सर एकदम म्हणाले. “हरलेल्या स्थिती वगळायचा. वीस वर्षांपूर्वी, याच टेबलावर.” मग आवाज चढवून, “शरीरात असं घडतं याचा एक पुरावा आण. एक! तासाभरात अंगठा देतो.”

शलाका उठली. दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. जुईच्या शाळेत तिळगुळाचा कार्यक्रम साडेनऊला होता, आणि सणाची शाळा अकरालाच सुटली असणार.

पुरावा कुणाच्या अंगात तयार होत असेल, हे लक्षात येताच तिनं गाडीची किल्ली घेतली आणि जिना उतरली ती जवळजवळ घसरतच.

घरी तिचा नवरा, अभिनंदन, ओट्यापाशी होता. हळदीच्या शीतगृहातून आज रजा घेऊन त्यानं गुळपोळ्यांचा घाट घातला होता, आणि त्याच्या पोळ्यांतून गूळ बाहेर येऊन तव्यावर जळत होता. जुई खाली फरशीवर बसून शाळेत मिळालेल्या तिळगुळाच्या पुड्यांचे कागद रंगांप्रमाणे लावत होती.

“लवकर सुटलीस?” तो म्हणाला. “बघ गं, ही तिसरी तरी गोल झालीय की नाही.”

शलाकानं जुईचं यंत्र उलटं करून बघितलं. एकशे बारा. गेल्या दोन तासांची रेघ सरळ, पट्टीनं आखल्यासारखी. खाली हिरवी अक्षरं. ती रेघ बघून एरवी तिला देवाला हात जोडावेसे वाटत. आज तिला ती खोटी वाटली.

“जुई, शाळेत तिळगूळ किती खाल्लास?”

“दोन.”

“खरं सांग हं, मी रागावणार नाही.”

जुईनं कागदांकडे बघितलं. “दोन बाईंनी दिले. मग स्वराच्या आईनं डबा आणला होता. मग मैदानात सगळ्यांनी सगळ्यांना दिले. मग हलवा.”

“म्हणजे?”

“मोजले नाहीत गं. मशीन मोजतं ना!”

एवढा गूळ पोटात गेल्यावर साखर दोनशेच्या वर जायला हवी होती. कोणाचीही गेली असती. शलाकानं यंत्राच्या आतली नोंद उघडली. दर पाच मिनिटांनी एक बारीकसा डोस, प्रत्येक डोस नियमात बसणारा. तिनं ते अभिनंदनच्या पिठाळ पोळपाटाशेजारी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून बेरीज केली. मग दुसऱ्यांदा केली. जुईला एवढ्या खाण्याला दीड-दोन युनिट पुरले असते. आत सव्वाचार गेले होते. आणि सव्वाअकरापासून डोस एकदम शून्य. म्हणजे पुढचं यंत्राला दिसायला लागलं होतं, आणि उधळायला आता काहीच उरलं नव्हतं. खिडकीतली अक्षरं मात्र आत्ताच्या आकड्यावरच चालत, अगदी शेवटाशी आल्याशिवाय बदलत नसत.

“अभि, गॅस बंद कर. यंत्र काढायचं आणि हिला साखरपाणी द्यायचं.”

“काय? एकशे बारा आहे की! इतकी छान साखर मला आयुष्यात बघायला मिळाली नाही.”

“आहे ती आत्ताची आहे. अजून तासाभरानं नसणार. आणि यंत्र न काढता साखर दिली, तर ते आणखी इन्सुलिन सोडेल.”

तो लाटणं हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. “तूच सांगितलं होतंस मला, चाळीस हजारांत एक चूक नाही म्हणून. तुझ्या सहीवर मी पोरीच्या कमरेला बांधू दिलं ते. आता तुझ्या डोक्यात काहीतरी आलं म्हणून काढायचं?”

“माझी सहीच चुकली.”

“शलाका.” त्याचा आवाज बारीक झाला. “मला परत ते दिवस नकोत. तो लग्नातला झटका... तिचे डोळे वर गेले होते. मला नकोत ते दिवस.”

“मलाही नकोत,” ती म्हणाली. “म्हणूनच म्हणते ना.”

आणि त्याच्या हो-नाहीची वाट न बघता तिनं गुडघ्यांवर बसून जुईच्या कमरेची चिमटी सोडवली. नळी निघताना जुई कळवळली. “मी खोटं बोलले म्हणून काढतेस? खरंच मोजले नव्हते गं आई.” शलाकानं तिला मिठीतच घेतलं. “नाही गं माझे बाई. तुझं काही चुकलं नाही. चुकलं ते दुसऱ्यांचं.”

पेलाभर पाण्यात साखर ढवळून तिनं जुईला पाजली. पंधरा मिनिटांनी दंडावरच्या चकतीनं एकशे तीस दाखवलं.

“बघ,” अभिनंदन म्हणाला. “चढायला लागली. आता दोनशे होईल, तीनशे होईल.”

आपण चुकलो असू तर किती बरं, असं शलाकाला वाटलं, आणि ते वाटत असतानाच एकशे तीसचे एकशे अठरा झाले. मग नव्व्याण्णव. मग चौऱ्याऐंशी. साखर पोटात असताना. जुई कागद टाकून आईच्या मांडीवर येऊन लवंडली.

“आई, पाय नाहीत मला.”

“आहेत की. हे बघ, धरलेत मी.”

“थंडी वाजतीय.”

तिच्या कपाळावर दरदरून घाम होता. अभिनंदननं गुळाचा खडाच तिच्या तोंडात कोंबला. मघाचा वाद संपला होता. “चाव, जुई. चाव गं राणी. बाबासाठी.” जुईनं जड जबड्यानं एकदा चावलं. एकसष्ट. आणखी साखरपाणी, अर्धं तोंडात आणि अर्धं गुलाबी परकरावर. बावन्न.

ओट्यावर काढून ठेवलेल्या यंत्राला दंडावरच्या चकतीचे आकडे अजून मिळतच होते. त्याच्या खिडकीत पिवळा ठिपका लुकलुकत होता आणि खाली लिहून येत होतं, ‘किंचित घट. स्थिती सुरक्षित.’ अजूनही.

एका हातानं जुईला धरून शलाकानं दुसऱ्या हातानं फोन लावला.

“सर,” ती म्हणाली, “पुरावा मिळाला.”

चौगुले सर रिक्षानं दहा मिनिटांत आले. धोतराचा सोगा हातात, पायात दोन वेगवेगळ्या चपला. स्वयंपाकघराच्या दारातच ते थबकले. एकोणपन्नास. पोरीचे ओठ पांढरे, आई तिच्या तोंडात चमच्यानं पाणी सोडतेय, बाप तळपाय चोळतोय. सरांनी वर्तमानपत्राच्या कडेची बेरीज वाचली. ओट्यावरच्या यंत्राची खिडकी वाचली.

“ही पोर तुझ्या नजरेखाली आहे म्हणून बरं,” ते पुटपुटले. “बाकीच्यांना कोण सांगणार, की हिरवं बघू नका?”

“सर, अंगठा.” शलाकानं फोनचा पडदा त्यांच्यापुढं धरला.

सरांनी अंगठा दिला. पहिल्यांदा उमटला नाही, इतका घामेजला होता. धोतराला पुसून त्यांनी परत दाबला. मग शलाकानं. एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी प्रमाणपत्र रद्द झालं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग ओट्यावरचं यंत्र भोकाड पसरल्यासारखं वाजायला लागलं. खिडकीतली हिरवी अक्षरं गेली आणि लाल आली, ‘पुढचा अंदाज देता येत नाही. रक्त तपासा. मुलाजवळ थांबा.’

जुईनं डोळे किलकिले केले. “रडतंय ते?”

“रडू दे,” शलाका म्हणाली. चकतीवर पंचावन्न झाले होते. मग त्रेसष्ट. साखर वर येत होती. अभिनंदननं भिंतीला टेकून डोळे मिटले, आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत राहिलं. त्यानं उठून यंत्राचा भोंगा बंद केला.

घर शांत झालं. तेव्हा कळलं, की आवाज थांबलेला नाही.

बाहेरून येत होता. तसाच भोंगा, पण लांबून, मागच्या गल्लीकडून. शलाकानं मान वर केली. घरचं माणूस यंत्राजवळ असेल तर कळ दाबून भोंगा बंद करतं, अर्ध्या मिनिटाचं काम. ती मनातल्या मनात मोजत राहिली. साठ झाले. नव्वद झाले. भोंगा चालूच.

“मागं कुणाकडं आहे यंत्र?” सरांनी विचारलं.

“माहीत नाही. नवे भाडेकरू आलेत कुणीतरी.” तिनं जुईला अलगद अभिनंदनच्या मांडीवर दिलं. “सोडू नकोस हिला. दर पाच मिनिटांनी बघ.” साखरेची बरणी उचलून ती अनवाणीच धावली.

आवाजाच्या रोखानं ती तिसऱ्या घराशी पोचली. दार लोटलेलं होतं. आत एक म्हातारी बाई, काळी चंद्रकळा नेसलेली, हातात चष्मा धरून यंत्राच्या नळीभोवती चाचपडत होती.

“आलीस का गं बाई! कंपनीची का तू? जरा बंद कर बघू हे भुंगाट. पोरीचा आत्ताच डोळा लागलाय. शाळेतनं आली ती पेंगतच आली बघ, म्हटलं सणाची दमली असंल. सून कामावर गेलीय, मला यातलं काय कळत नाही. उठवू नकोस हां तिला. शांत झोपलीय.”

कॉटवर सात-आठ वर्षांची मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. केसांत हलव्याचे दागिने तसेच. शलाकानं तिच्या मानेला हात लावला. मान गार आणि ओलीचिंब होती.

“आजी, हिचं नाव काय?”

“मृणाल. का गं?”

“मृणाल! मृणाल, बाळा!”

हाक पोचत नव्हती. शलाकानं तिच्या कमरेची नळी काढून टाकली, तिला कुशीवर वळवलं, आपलं बोट पाण्यात बुडवून साखरेत घोळवलं आणि मिटलेल्या ओठांतून गालाच्या आत घातलं. हिरड्यांवर चोळलं. पुन्हा साखर, पुन्हा बोट. मागून म्हातारी विचारत होती, “काय झालं गं? झोपलीय ना ती? झोपलीयच ना?” शलाकानं मान न वळवता तिला एकशे आठला फोन लावायला सांगितलं, आणि बोट फिरवत राहिली. त्या तोंडात काहीच हालत नव्हतं. श्वास होता, इतका बारीक की तो आपलाच आहे की काय अशी शंका यावी. पंधरा मिनिटं लागतात, तिनं स्वतःला बजावलं, एवढ्या लवकर काही होत नसतं, पाच झाली असतील, सहा झाली असतील. भोंगा बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. या वेळी गावोगावी अशा किती घरांत तो वाजतोय आणि किती आज्या उंबऱ्यात उभ्या राहून पोराला उठवू नका म्हणतायत, हा विचार तिनं मोठ्या कष्टानं दाराबाहेर रोखून धरला. आत्ता एवढंच होतं. ही एक पोर, ही मूठभर साखर.

बरणीचा तळ दिसायला लागला. तिनं पुन्हा बोट घोळवलं, पुन्हा आत घातलं. पलीकडच्या दातांशी काहीतरी थरथरलं. गालाचा स्नायू ताठ झाला, आणि मुलीनं तिचं बोट कचकन चावलं.

कळ थेट खांद्यापर्यंत गेली. शलाकानं दात-ओठ आवळले, पण बोट काढून घेतलं नाही.